स्पोर्ट्स कारला टायर कसे घ्यावेत आणि ते घरी कसे सांगावेत

शास्त्रग्रंथाच्या आरंभी या विद्येचा अधिकारी कोण, हे सांगून टाकायचा आपल्याकडे प्रघात आहे. स्पोर्ट्स कारच्या टायरविद्येचा अधिकारी तो, ज्याने दोन दारांची, बसकी, आठ-नऊ वर्षं जुनी जर्मन गाडी सेकंडहँड घेतली आहे, त्यात जवळचे सगळे पैसे घातले आहेत, आणि ‘टायर अजून दोन वर्षं सहज जातील’ हे विकणाऱ्याचं वाक्य श्रद्धेने ऐकलं आहे. अशी गाडी शोरूममधून नवी घेणाऱ्यांनी इथेच थांबावं. त्यांचे टायर ड्रायव्हर बदलून आणतो.

प्रस्तुत लेखकाला हा अधिकार मागच्या जुलैत एका खड्ड्याने दिला. रस्त्याचं नाव सांगत नाही. पावसाचं पाणी साचलेलं, वर चहासारखा रंग, खोली किती ते उतरल्यावरच कळावं अशी सोय. ‘धप्’ झालं, गाडी पुढे गेली, काही झालं नाही असं वाटलं. दोन दिवसांनी हवा भरायला गेलो, तेव्हा पंक्चरवाले अण्णा टायरपाशी उकिडवे बसले आणि टायरच्या कुशीवरून हळूच अंगठा फिरवत एका जागी थांबले. ‘‘साहेब, फुगा.’’

लिंबाएवढा होता. दाबला की आत जाई, सोडला की पुन्हा वर येई. पंक्चर काढता येतं, फुगा काढता येत नाही. धक्क्याने साइडवॉलमधले आतले दोरे तुटतात आणि हवा तेवढ्या जागी नुसत्या रबरावर रेलून उभी राहते. ती कधी बाहेर पडेल ते तिच्या मनावर. याला इलाज नाही, टायरच बदलावा लागतो.

पहिली पायरी : जमिनीवर झोपणे. उभं राहून टायर बघणं हा फसवणुकीचा प्रकार आहे. वळणावर पकड राहावी म्हणून या गाड्यांची चाकं वरच्या बाजूला किंचित आत कललेली असतात. त्यामुळे टायर आतल्या कडेने आधी झिजतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला नक्षी ठणठणीत दिसते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून, मोबाइलचा टॉर्च लावून गाडीखाली डोकं घालावं. वॉचमन विचारेल, त्याला काहीही सांगावं. नक्षीच्या खाचांत मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आपल्याकडचा पाऊस बघता तीन मिलिमीटरलाच टायर बदलायला घ्यावा, कारण खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर काढायचं काम थांबतं आणि गाडी रस्त्यावर न चालता पाण्यावर तरंगते. आणि टायर जितका रुंद, तितकी ही तरंगायची हौस दांडगी. म्हणजे ज्या रुंदीसाठी आपण मित्रांना गाडीच्या मागच्या बाजूला उभं करून फोटो काढायला लावतो, तीच ताम्हिणीत आपल्यावर उलटते.

माझे दोन टायर आतून गोटा झाले होते. चौघांची जन्मतारीख पाहिली, तर बाजूवरच्या लंबगोलात शेवटचे चार आकडे होते ३११६. सन २०१६चा एकतिसावा आठवडा. म्हणजे ऑगस्टचा पहिला आठवडा. ‘दोन वर्षं सहज जातील’ हे वाक्य ज्यांच्याविषयी होतं, त्यांची तेव्हाच म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली होती. ही गोष्ट विशेष करून आपल्या लोकांनी समजून घ्यावी. आपली स्पोर्ट्स कार वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालते, बाकीचा वेळ कव्हरखाली उभी असते. तिचे टायर झिजून मरत नाहीत, वयाने मरतात. उन्हाने आणि वर्षांनी रबर कडक होतं. नक्षी नव्यासारखी, आणि पकड प्लास्टिकच्या बादलीसारखी. म्हणून नवा टायर घेतानाही ते चार आकडे वाचावेत. मला एका दुकानात ‘एकदम फ्रेश माल’ म्हणून जो टायर दाखवला, तो माझ्या भाचीएवढा होता, आणि भाची बालवाडीत जाते.

दुसरी पायरी : लिपी वाचणे. माझ्या टायरवर लिहिलंय २४५/४० आर १८ ९७ वाय. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये एवढंच रबर, चार बोटं मिटून आडवी धरली तर होईल तितकं. आर म्हणजे रेडियल, १८ म्हणजे रिमचे इंच. ९७ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ एका टायरवर ७३० किलो. चार टायर मिळून २,९२० किलो पेलतात, म्हणजे तत्त्वतः सगळे नातेवाईक नेता येतात. मागची सीट त्यांच्यापासून आपलं रक्षण करते.

शेवटी वाय. हे वेगाचं अक्षर. एस १८०, टी १९०, यू २००, मग अचानक एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. एच यू आणि व्हीच्या मध्ये येऊन का बसला, हे विचारू नये. रांगेत मध्येच घुसणारा सगळीकडे असतो. वाय म्हणजे हा टायर ताशी ३०० किलोमीटरला टिकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा १००ची, समृद्धीवर १२०ची, आणि माझ्या घरापासून ऑफिसपर्यंत सरासरी अठराची. तरीही कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नये. त्या अक्षरात वेगाबरोबर उष्णता सोसायची ताकदही मोजलेली असते. समृद्धीवर काँक्रीट तापलेलं, वळण नाही, तासन्तास एकच वेग, त्यात हवा कमी असेल तर टायर आतून शिजतो. झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशापाशीच अडवायला परिवहन खात्याने २०२३मध्ये सुरुवात केली, ती उगीच नव्हे.

तिसरी पायरी : जात निवडणे. मिशलिनचा पायलट स्पोर्ट, पिरेलीचा पी झीरो, काँटिनेंटलचा स्पोर्टकाँटॅक्ट, ब्रिजस्टोनची पोटेंझा, गुडइयरचा ईगल एफ वन ही मोठी घराणी. यांना ‘समर टायर’ म्हणतात आणि तिथे आपला माणूस घाबरतो. ‘‘उन्हाळ्याचे? मग पावसात काय करायचं?’’ असं मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, आणि खरं तर मीही आधी तेच विचारलं होतं. युरोपातला हा शब्द आहे. तिकडचा उन्हाळा म्हणजे पारा सातच्या वर. सातच्या खाली या टायरचं रबर आखडतं, म्हणून तिकडे हिवाळ्यात वेगळे टायर घालतात. पुण्यात पारा सातखाली गेलाच, तर ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं. तेवढा दिवस रजा टाकावी. ओल्या रस्त्यावर हे टायर उत्तम चालतात, त्यांच्या रबरात सिलिका त्यासाठीच असते.

बाजूवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून एक आकडा असतो, २००, ३००, ५००. मोठा आकडा म्हणजे जास्त टिकणार, लहान म्हणजे जास्त चिकटणार, असा ढोबळ हिशोब. पण हा आकडा कंपनी आपला आपण ठरवते. एका घरच्या मार्कशीटची दुसऱ्या घरच्या मार्कशीटशी तुलना करू नये, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

याच पायरीवर आणखी एक सापळा. काही टायरांवर गाडीच्या कंपनीची खूण असते : बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजचं एमओ, ऑडीचं एओ, पोर्शाचं एन आणि पुढे आकडा. त्या गाडीसाठी तो टायर खास बेतलेला असतो. नेमका तसाच हवा असं एकदा मनाने घेतलं, की झोप गेली. २०२०च्या जूनमध्ये सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधांखाली आणली, परवान्याशिवाय माल येईना. त्यामुळे ‘येईल साहेब, पुढच्या महिन्यात’ हे वाक्य तुम्ही बऱ्याच महिन्यांत ऐकाल. खूण नसलेला, पण माप, वजन आणि अक्षर जुळणारा घ्यावा आणि मोकळं व्हावं.

चौथी पायरी पैशांची आहे. ती मागाहून.

पाचवी पायरी : किती घ्यावेत. मला एक घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला दोन. गाडी चारही चाकांवर चालणारी निघाली, तेव्हा म्हणाला चार. ही त्याची लबाडी असेल म्हणून मी तीन ठिकाणी विचारलं. लबाडी नव्हती. नव्या टायरचा घेर जुन्यापेक्षा थोडा मोठा असतो, आणि चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या यंत्रणेला तो फरक सतत सोसावा लागतो. टायर वाचवून गिअरबॉक्स घालवायचा, हे बचतीचं फार महाग रूप. ज्यांच्या गाडीला दोन पुरतील, त्यांनी नवे दोन मागे घालावेत. सगळेजण पुढे घालतात. पावसात पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते आणि निदान आपण कशावर आदळणार ते दिसतं. मागचं घसरलं तर गिरकी.

दुकानात शेवटी ‘नायट्रोजन मारू का?’ असं विचारतात. मारावा, बिघडत काही नाही. फक्त आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. त्यापेक्षा हवा सकाळी, गाडी न चालवता, टायर गार असताना मोजावी. नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावेत, वरचा तुळतुळीतपणा जाईपर्यंत त्यांना पकड नसते.

आता चौथी पायरी. अलाइनमेंट-बॅलन्सिंग धरून आकडा झाला ९६ हजार. घरी सांगताना ‘सुरक्षितता’ हा शब्द वापरायचं मी ठरवलं होतं. बायकोला म्हटलं, ‘‘अगं, ताशी ३००ला टिकतात हे.’’

‘‘तू किती चालवतोस?’’

‘‘फार तर शंभर.’’

‘‘मग शंभरचे घे की. तिसऱ्या हिश्श्यात येतील.’’

इथे उत्तर नसतं, शोधू नये. तरी मी म्हणालो की हे पावसात लवकर थांबतात. गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेत, बाकी इंजिन, ब्रेक, लाल रंग सगळं त्या चार तळहातांच्या भरवशावर. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘माझ्या गाडीचे शेवटचे कधी बदलले?’’ तिची हॅचबॅक रोज चाळीस किलोमीटर धावते, मुलीला शाळेत सोडते. मी सतरंजी घेऊन खाली गेलो. ०९१७.

तर आता आठ टायर. तिचे आधी बसवले, माझे पुढच्या महिन्यात. माझी गाडी दुकानातून घरी आणली तेव्हा बाबा खाली उभे होते. त्यांनी आयुष्यभर स्कूटरला आणि मग फियाटला रिमोल्डचे टायर घातले. एका टायरपुढे वाकून त्यांनी नखाने नक्षी खरवडली, मान डोलावली.

‘‘चांगला दिसतोय. स्टेपनीला कुठला टाकलास?’’

या गाडीला स्टेपनी नसते. मी डिकी उघडून डिंकाची बाटली आणि हवेचा छोटा पंप दाखवला. बाबांनी बाटली हातात घेतली, उलटी करून तळ पाहिला आणि विचारलं, ‘‘हिच्यावर तारीख कुठे असते?’’