उधईबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती उधईबाई (पश्चिमेकडे वाळवीताई),
मुख्य तपासनीस, लाकडी खांब व तार कुंपण,
मुक्काम : धुऱ्याखालचं वारूळ.

विषय : शिवारातल्या कुंपणांची विनामूल्य तपासणी केल्याबद्दल जाहीर आभार.

महोदया,

विदर्भातल्या शेतकऱ्याला तपासणी नवी नाही. पीक बुडालं की पंचनाम्याला माणसं येतात, धुऱ्यावर उभी राहून वावराकडे पाहतात, बुटाला चिखल लागण्याआधी परत जातात. खाली वाकून, माती उकरून, खांबाच्या बुडाशी दात लावून पाहणाऱ्या अधिकारी आजवर एकट्या आपणच भेटलात. आपल्याला डोळे नाहीत, ही तर तपासनीसाच्या दृष्टीनं मोठीच सोय. वरचं रंगरोगण, ठेकेदाराचा चेहरा, त्याच्या मोबाइलमधले फोटो, यातलं काहीच आपल्याला दिसत नाही. आपण थेट लाकूड पाहता.

कुंपण का लागतं, हे आपल्याला सांगायला हवं. तूर फुलावर आली, हरभरा घाटे धरू लागला, मका दुधात आला की रात्री पाहुणे येतात. रानडुकरं खालून घुसतात, रोही (नीलगायी) वरून उडी घेतात, हरणांना दोन तारांमधली फट पुरते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पाहुण्यांना अभय दिलेलं आहे; तुरीला तसं कुठल्या कायद्यानं दिल्याचं ऐकिवात नाही. म्हणून शेतकरी आधी बोरी-बाभळीच्या काट्या रचतो. त्या उन्हात वाळतात आणि पुढल्या साली पुन्हा तोडाव्या लागतात. मग घरातल्या जुन्या साड्या वावराभोवती बांधतो. डुकरं चार रात्री त्या साड्यांना बिचकतात, पाचव्या रात्री त्यांच्याखालून आत येतात. मग माळ्यावर जागल. जागून जागून डोळे लाल झाले की माणूस म्हणतो, आता एकदाचं तारेचं पक्कं कुंपण घालू.

आणि मग, बाई, आपला आणि आमचा दोघांचा अन्नदाता शिवारात येतो. कुंपणाचा ठेकेदार.

हा मोठा उदार माणूस. त्याचं सगळं बोलणं फुटावर असतं: इतक्या फुटाचे इतके, तार आमची, बल्ल्या आमच्या, मजुरी आमची, तुम्ही फक्त पैसे द्या. टिकेल किती, असं विचारलं की तो म्हणतो, नातवाच्या लग्नाला या खांबाला तोरण बांधा. बल्ल्या ट्रॅक्टरमधून उतरतात. सरळसोट, गोल, सालासकट, तोडून पुरता महिनाही न झालेल्या. कोवळ्या निलगिरीच्या, नाहीतर विरळणीत काढलेल्या पोरसवदा सागाच्या. साग म्हटलं की आमचे डोळे दिपतात. कापलेल्या तोंडाकडे पाहावं, असं कुणाला सुचत नाही. मधला गडद भाग म्हणजे गाभा. झाडानं स्वतःच्या रक्षणासाठी त्यात कडू द्रव्यं भरून ठेवलेली असतात. भोवतीचं फिकट कडं म्हणजे रसाळ लाकूड. तिथून झाड पाणी चढवतं, तिथंच साखर आणि पिठूळ अंश असतो. म्हाताऱ्या सागात गाभा मोठा आणि कडं बोटभर. पोरसवदा सागात उलटं. त्याला साग म्हणायचं ते फक्त पानांवरून.

हा फरक वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेला आहे. पण शिवारात तो समजावून सांगितला तो आपण. फिकट कडं आपण साफ केलंत आणि गाभ्याची काडी तेवढी उभी ठेवलीत. अंजनाच्या, खैराच्या, बिजाच्या जुन्या गाभ्याकडे आपण सहसा वळत नाही, तो मान आपण राखता. साल न काढलेल्या खांबावर मात्र आपली खास मर्जी; सालीखाली ओल आणि सावली दोन्ही तयार मिळतात, बोगदा बांधायचे कष्ट वाचतात.

आणखी एका बाबतीत आम्हाला आपला हेवा वाटतो. स्वतःच्या धुऱ्यावरचा स्वतः वाढवलेला साग तोडायचा, तर आम्हाला 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. अर्ज, सातबारा, मोजणी आणि मग लाकूड हलवायचं तर वाहतुकीचा परवाना. आपण तोच साग अर्ज न करता, मोजणी न करता, वाहतूक परवान्याविना वारुळापर्यंत नेता. एकाही नाक्यावर कुणी अडवत नाही.

आता खड्ड्याकडे. कुंपणाचा खांब शेंड्याला कुजत नाही, तळालाही उशिरा कुजतो. तो कुजतो जमिनीच्या रेषेवर, वीतभर वर आणि वीतभर खाली. वर ऊन-वारा असतो, लाकूड सुकतं. खोल खाली ओल असते पण हवा कमी. मधल्या पट्ट्यात ओल आणि हवा दोन्ही मिळतात, बुरशीला तेवढंच हवं असतं. त्यातून आमची काळी जमीन. उन्हाळ्यात ती खांबापासून फाटते आणि आपल्याला दरवाजा उघडून देते. पावसाळ्यात फुगते आणि खांबाला ढकलते. यावर जुने लोक करत ते एवढंच: बल्ली सोलून सावलीत वाळवायची, बुडापासून जमिनीच्या वर हातभर येईल इथपर्यंत गरम डांबर पाजायचं, खड्डा दोन-अडीच फूट घ्यायचा, तळाला गिट्टी टाकायची, मग मुरूम थराथरानं घालून सबलीनं ठोकायचा आणि शेवटी बुडाशी उतार देऊन पाणी बाहेर काढायचं. खांबाचं डोकंसुद्धा तिरकं कापायचं, म्हणजे त्यावर पाऊस बसत नाही.

ठेकेदाराला एवढा वेळ कुठून असणार? फुटावर काम घेतलेला माणूस खोलीवर काम करत नाही. खड्डा दीड वीत, त्यात ओली बल्ली, वरून निघालेलीच काळी माती, आणि पायाच्या टाचेनं दोन ठोके. टिकाऊपणा विचारलाच तर गॅरेजमधलं जळकं ऑइल फडक्यानं फासलं जातं. ते लाकडाच्या कातडीवर चकाकतं, आत जात नाही. ओली बल्ली वाळू लागली की तिला चीर पडते, आणि त्या चिरेतून आपण ऑइलला न शिवता आत जाता. आपल्या या सोवळेपणाचं कौतुक करावं तेवढं थोडं.

कोपऱ्याबद्दल तर आपल्याशी बोलायलाच हवं, कारण तो विषय आपल्या कक्षेबाहेरचा असूनही त्याचं बिल आपल्या नावावर फाटतं. पाच तारा ताणल्या की पाचही तारांची ओढ एकट्या कोपऱ्याच्या खांबावर येते. मधले खांब नुसते तार उचलून धरतात. कुंपण उभं असतं ते कोपऱ्यांवर. म्हणून कोपऱ्याचा खांब जाड आणि खोल हवा. त्याच्या शेजारी सात-आठ फुटांवर दुसरा तसाच खांब हवा, दोघांच्या मध्ये वरच्या बाजूला आडवं लाकूड आणि तिरकी पिळाची तार. ही तार कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून शेजारच्या खांबाच्या डोक्यापर्यंत जाते. उलट्या कर्णात बांधली, तर ती गळ्यातल्या दागिन्यासारखी नुसती लोंबते, भार घेत नाही. आमच्या शिवारात ती बहुतेक उलटीच आहे, आणि जिथं सुलटी आहे तिथं ती ठेकेदाराच्या नजरचुकीनं. कोपरा बोटभर झुकला की सगळ्या तारा ढिल्या. मग ठेकेदाराला फोन करावा तर तो म्हणतो, उधई लागली असेल.

तारेचंही तसंच. काटेरी तारेचं चाललेलं रूप अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यानं बसवलं, 1874 साली त्याचं पेटंट घेतलं. तिथल्या गवताळ मैदानात लाकूड दुर्मीळ होतं आणि अडवायची होती ती गुरं. गुरं काट्याला मान देतात. रानडुक्कर जाड कातडीचं आणि बारीक विचाराचं. ते तळाची तार नाकाड्यानं उचलून पिलांसकट आत येतं. त्याच्यासाठी खाली जाळी हवी, ती जमिनीत थोडी गाडलेली हवी, आणि तळाच्या तारा दाट हव्यात. तार खांबाच्या ज्या बाजूनं जनावराचा धक्का येतो त्या बाजूला हवी, म्हणजे धक्का खांब झेलतो. आतून ठोकली तर तो धक्का यू खिळ्यावर येतो आणि खिळा उपटतो. खिळा लाकडाच्या रेषेला थोडा तिरका मारायचा, नाहीतर खांब उभा चिरतो. तो तारेवर दाबून बसवायचाही नाही. तार आत सरकली पाहिजे. दाबला की जस्ताचा थर फुटतो आणि पहिला गंज तिथंच धरतो. आमच्याकडे मात्र खिळा जितका खोल, तितकं काम पक्कं, अशी समजूत आहे. ठेकेदार तो तारेसकट लाकडात बुडवतो आणि आम्ही कौतुकानं पाहतो.

असं कुंपण दुसऱ्या पावसाळ्यात झोपलं की माणूस चिडतो, आणि चिडलेल्या माणसाला भलतं सुचतं. तो घरातल्या लाइनचा आकडा थेट तारेला लावतो. इथं थट्टा थांबवतो, बाई. सौर कुंपणाचं यंत्र क्षणभराचा झटका देतं आणि सोडतं. मधल्या वेळात जनावर मागे सरतं. घरच्या लाइनचा करंट सोडत नाही. अशा तारेनं डुकरांबरोबर शेजाऱ्यांचे, मजुरांचे आणि खुद्द मालकांचेही जीव घेतले आहेत. तो गुन्हा आहे, आणि जिवापुढं एका हंगामाची तूर काहीच नाही.

कुंपण झोपतं ते ठेकेदाराच्या आणि आमच्या चुकांनी, म्हणून आम्हाला आपला राग येत नाही. आपण झुरळांच्या गोत्रातल्या, स्वतःच बुरशीची शेती करून खाणाऱ्या. पावसाळ्यात आपल्या वारुळावर सात्या (अळंबी) उगवतात, त्या आम्ही आवडीनं खातो. आपल्या शेताला कुंपण नाही आणि ते कुणी फुटावर बांधूनही दिलेलं नाही. कुंपणच शेत खातं, अशी आमच्यात म्हण आहे. आपण कुंपण खाता आणि शेत सोडता. खाणाऱ्यांच्या यादीत आपला क्रमांक ठेकेदाराच्या बराच खाली लागतो.

तक्रार एकच. ठेकेदार बिल नेतो पहिल्या महिन्यात, आपला अहवाल येतो दोन पावसाळ्यांनी. तोवर तो तिसऱ्या तालुक्यात नातवाच्या लग्नाचं तोरण विकत असतो. आपल्याला घाई करता येणार नाही, हे आम्ही समजतो; मातीचा बोगदा रांगत रांगतच वर चढतो. तेव्हा घाई आम्हीच कमी करायला हवी.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या शेतकरी बांधवांना विनंती: बल्ली उतरवून घेताना तिचं कापलेलं तोंड पाहा. गाभा कमी आणि कडं जास्त दिसलं, तर ट्रॅक्टर तसाच परत पाठवा. खड्डे बुजण्याआधी त्यात स्वतःचा हात घालून खोली मोजा. कोपऱ्याच्या तिरक्या तारेचं खालचं टोक कोपऱ्याच्याच खांबाला आहे का ते बघा. आणि ठेक्याच्या कागदावर एक ओळ लिहून घ्या: शेवटचा हप्ता दुसरा पावसाळा संपल्यावर, उधईबाईंची तपासणी झाल्यानंतर. या ओळीवर जो सही करेल त्यालाच काम द्या.

आपला कृतज्ञ,
धुऱ्याला धुरा लागून असलेला एक शेतकरी