उन्हात वाटा कुणाचा?

ऊन सगळ्यांच्या डोक्यावर पडतं. अनुदान मात्र फक्त छपरावर.

'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. घरावर 3 किलोवॅटचे पॅनल बसवा, केंद्राकडून 78 हजार रुपये मिळवा. योजना चांगलीच आहे. ज्यांनी पॅनल बसवले त्यांची बिलं उतरली. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने पॅनल कुठे बसवायचे? चाळकऱ्याने? गरिबाला अनुदान वाढवून दिलं तरी आधी छप्पर लागतं, आणि शहरातला गरीब नेमका तिथेच अडतो.

शेताकडे वळू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीला दिवसा वीज मिळते. रात्री-अपरात्री साप-बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जाणं ज्याचं सुटलं, त्यालाच त्याची किंमत विचारा. योजनेच्या सौर प्रकल्पाला जमीन दिली, तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. हे पैसे सात-बारावर नाव असणाऱ्याला मिळतात. त्याच जमिनीत खुरपणी-कापणी करून पोट भरणाऱ्या मजूर बाईचा रोज बुडाला, तो कोण भरून देणार?

आणि प्रकल्पासाठी घेतलेल्या गायरानाचं काय? तिथे शेळ्या चारणाऱ्याकडे कुठला सात-बारा?

जमीन नावावर असली म्हणून तरी न्याय मिळतो का? धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या शेतकऱ्याला विचारता आलं असतं. दोंडाईचाजवळच्या सौर प्रकल्पात जमीन गेली. रास्त मोबदल्यासाठी खेटे घालून, ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसाने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं. वाढीव रक्कम मंजूर झाली, तीही ते गेल्यावर.

उन्हाची वीज येते, तसा कोळसा जायचा. म्हणून आता चंद्रपूर. इथलं महाऔष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं. मुंबई-पुण्याचे दिवे लागावेत म्हणून या शहराने वर्षानुवर्षं राख श्वासात घेतली. कोळसा गेला पाहिजे, यात दुमत नाही. चंद्रपूरकरांच्या फुप्फुसांना तर तो कधीच नको होता. पण त्याच कोळशावर त्यांची चूलही पेटते.

चूल कुणाकुणाची? कायम कामगार आहेच. त्याच्यामागे सेवेचे नियम आहेत, संघटना आहे, बदलीची सोय आहे. ठेकेदाराकडचा मजूर, राखेचे ट्रक चालवणारा, गेटबाहेर चहा-नाश्त्याची टपरी टाकून बसलेली बाई, यांच्यामागे कोण आहे? केंद्रातला वीजनिर्मितीचा एखादा संच बंद होतो तेव्हा कायम कामगार दुसरीकडे जातो. कंत्राटी माणसाचं फक्त कंत्राट संपतं.

आणि 'बंद होतो' ही पुढची गोष्ट समजू नका. 1983-84 सालचे पहिले दोन संच कधीच थंड झाले. पाठोपाठचे दोन 1985-86 चे. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी 2070 साल दिलंय, पण यंत्रं म्हातारी व्हायला तेवढा वेळ घेत नाहीत.

जर्मनीने 2020 मध्ये कोळसा सोडण्याचा कायदा केला. सोबत कोळसापट्ट्यांसाठी 40 अब्ज युरोंपर्यंतची तरतूद आणि वयस्क कामगारांना निवृत्तीपर्यंत भत्ता. जर्मनी श्रीमंत आहे, मान्य. पण आधी तरतूद आणि मग टाळं, एवढा क्रम पाळायला श्रीमंती कशाला लागते?

दक्षिण आफ्रिकेत क्रम उलटा झाला. कोमाटीचं औष्णिक केंद्र ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस बंद केलं गेलं. त्याच्या कायापालटासाठी जागतिक बँकेचे 49.7 कोटी डॉलर मंजूर झाले नोव्हेंबरमध्ये. वस्तीला पर्याय दिसण्याआधीच रोजगार गेला.

आपल्याकडे पैशाची वाट अगदीच बंद नाही. खाणकायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीने खाणपट्ट्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. त्यांचा निधी खाणबाधितांचाच, आणि कौशल्य प्रशिक्षण त्याच्या नियमांत बसतं. मग खाणपट्ट्यातल्याच चंद्रपुरातल्या कंत्राटी कामगाराला पॅनल जोडणी, इन्व्हर्टर दुरुस्ती शिकवायला मुहूर्त कसला? संच चालू आहे, पगार येतोय, तेव्हाच शिकवा. रिकाम्या पोटी कोण वर्गात बसेल?

त्याआधी मोजणी करा. पुढचा संच बंद करण्याची तारीख ठरण्यापूर्वी त्याच्यावर जगणाऱ्यांची नावं गेटवर लावा. ठेकेदाराचे मजूर, ट्रकवाले, टपरीवाल्या, सगळ्यांची. नाव राहिलं असेल त्याला हरकत घ्यायला पुरेसा वेळ द्या. मगच तारीख ठरवा.