टारबहाद्दर

पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत शेवटच्या रांगेत, एसीचा झोत थेट टाळक्यावर येतो त्या जागी, टारबहाद्दर बसलेला सापडतो. वय पंचेचाळिशीच्या पुढे, खुर्चीच्या पाठीवर बारा महिने स्वेटर, समोर काळा पडदा. माउस असतो, पण तो स्क्रीन झोपू नये म्हणून अधूनमधून हलवण्यापुरता. फाइलवर राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’ म्हणणाऱ्यांशी तो कामापुरतंच बोलतो.

फायलींचे गठ्ठे बांधणाऱ्या टारची कमांड त्याच्या डोक्यात नसते, बोटांत असते. तोंडी विचारलं तर आधी हवेत बोटं नाचवतो आणि मग सांगतो: ‘टार डॅश एक्सझेडव्हीएफ.’ एक्स म्हणजे उघड, झेड म्हणजे जीझिपमधून काढ, एफ म्हणजे पुढे फाइलचं नाव येतंय. राहिला व्ही. व्ही काडीचं काम करत नाही, फायलींची नावं पडद्यावर नुसती ओतत राहतो. पण मागे कोणी उभं असेल तर व्ही हवाच! शेकडो नावं भराभर सरकत असताना बहाद्दर हाताची घडी घालून मागे रेलतो, जणू एकेक फाइल स्वतः उचलून ठेवतोय. खरं तर आजकाल उघडताना झेडही सांगावा लागत नाही, फाइल कशाने दाबली आहे ते टार आपलं आपण ओळखतो. बहाद्दराला हे ठाऊक आहे. तरी तो झेड देतो.

त्याच्याहून जुन्या वळणाची मंडळी डॅशसुद्धा देत नाहीत, आणि टारची त्यालाही ना नसते. १९७९ च्या युनिक्समधला हा प्रोग्राम, मुळात टेपवर फायली एकामागोमाग लिहून ठेवण्यासाठी केलेला. म्हणून नुसता टार काहीही दाबत नाही, फक्त गठ्ठा बांधतो. एखादा नवा पोरगा ‘सर, टार केलं तर साइज उलट वाढली’ म्हणत आला की बहाद्दराचा दिवस सत्कारणी लागतो.

पण त्याची खरी करमणूक म्हणजे ‘झेड’ नावाची फाइल. घाईत ‘डॅश सीझेडएफ’च्या जागी ‘डॅश सीएफझेड’ लिहिलं, तर टार एफला चिकटून आलेलं अक्षर हेच फाइलचं नाव समजतो आणि ‘झेड’ नावाची फाइल बनवून मोकळा होतो. सर्व्हरवर अशी फाइल दिसली की बहाद्दर आधी तिची वेळ बघतो, मग मालक बघतो, आणि चहाच्या वेळी त्या मालकाशेजारी जाऊन उभा राहतो. ‘काल रात्री सव्वाअकराला काय चाललं होतं?’ पोरगा एचआरला काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागतो.

दाबण्यामागचं तत्त्व तो कोणालाही, कुठेही समजावतो. लेंपेल आणि झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना: येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो परत लिहायचा नाही, ‘इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल’ एवढंच नोंदवायचं. त्यावर हफमनची युक्ती: जे चिन्ह वारंवार येतं त्याला आखूड कोड. जीझिप या दोन्हींवर चालतो. (हफमनला ही युक्ती एमआयटीत शिकताना सुचली, परीक्षेऐवजी लिहायच्या निबंधासाठी. हे बहाद्दराने दहावीतल्या भाच्याला सांगितलं. बहीण अजून बोलत नाही.) साहेबांचं तिमाही भाषण सुरू झालं की तो शेजाऱ्याच्या कानाशी लागतो, ‘हे नव्वद टक्के दाबलं जाईल.’

मार्च २०२४ मध्ये त्याला सोन्याचे दिवस आले. एक्सझेड या फायली दाबणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी चोरदार ठेवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, त्याने शोध घेतला आणि ते उघडकीला आलं. ऑफिसात धावपळ, आणि आमचा बहाद्दर शांत. त्याच्याकडे डेबियन लिनक्सची स्टेबल आवृत्ती, तिच्यात जुनाच एक्सझेड! वर्षानुवर्षं अपडेटचा केलेला कंटाळा त्या आठवड्यात दूरदृष्टी म्हणून खपून गेला.

घरी मात्र हाच गृहस्थ सोसायटीचा सेक्रेटरी. सभेचं इतिवृत्त साध्या टेक्स्ट फाइलीत लिहितो. यूटीएफ-८ मध्ये मराठीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यात दर वर्षी तीच लिफ्ट, तीच गळती, तेच पार्किंग आणि परिच्छेदागणिक ‘सर्वानुमते मंजूर’. म्हणजे दाबायला याहून उत्तम मजकूर नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल येते ती टार डॉट एक्सझेड.

‘अरे, हे काय पाठवलंस? फोन म्हणतोय उघडता येत नाही,’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच गाठतात.

‘काकू, लॅपटॉपवर उघडा ना. लिनक्स असेलच.’

‘लॅपटॉप नातवाचा. तो बॉस्टनला.’

‘मग त्याला विचारा, एका ओळीचं काम आहे.’

शेवटी वार्षिक सभेत रीतसर ठराव आला: इतिवृत्त यापुढे पीडीएफमध्येच पाठवावे. सूचक काकू, अनुमोदक तळमजल्यावरचे डॉक्टर, सर्वानुमते मंजूर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सभेचं इतिवृत्त ग्रुपवर आलं, टार डॉट एक्सझेड. त्याखाली अकरा जणांनी अंगठे दिले आहेत, पहिला काकूंचा.