अपेक्षा : अनुरूप

गेल्या रविवारी आमच्या पुतण्याचा लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा अर्ज एकाच टेबलावर भरला गेला. दोन्हीकडे शेवटचा रकाना तोच : अपेक्षा. बायोडेट्यात वहिनींनी ‘अनुरूप’ लिहून विषय मिटवला. अर्जातल्या रकान्यावर मात्र लाल चांदणी होती आणि तो अक्षरं घेत नव्हता. ‘कंपनीच्या नियमानुसार’ चालेना, ‘चर्चेअंती’ चालेना. आकडा टाका, नाहीतर घरी बसा.

घर एकदम गप्प. मंडईत वीसची मेथीची जुडी पंधराला आणून वर कढीपत्ता फुकट उकळणाऱ्या वहिनी म्हणाल्या, “फार मागू नकोस हं, बरं दिसत नाही.” दादा सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांना प्रश्नच कळेना. “मागायचं कसलं? फौजदाराची जाहिरात बघ. एस-१४, ३८६००-१२२८००. छापलेलंच असतं!”

खरं तर माल ज्याचा, भाव त्यानं सांगावा हा बाजाराचा नियम. पण इथं गिऱ्हाइकानं भाव आधीच मंजूर करून खणात ठेवलेला असतो. तुम्ही त्याच्या किती खाली उतरता, एवढीच त्याला उत्सुकता. म्हणून तर सध्याचा पगार आणि तीन महिन्यांच्या स्लिपा हव्या असतात. यंदाच्या कांद्याला भाव द्यायचा, पण गेल्या वर्षीची पट्टी बघून! त्यावर तीस टक्के चढवले की उपकार पूर्ण. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ पासून, ऑफर देण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारायला कायद्यानं बंदी आहे. कोलोरॅडोत २०२१ पासून जाहिरातीतच पगाराची श्रेणी द्यावी लागते. म्हणजे कोलोरॅडो आत्ता कुठं दादांच्या फौजदारापर्यंत पोचलं.

बरं, आकडा तरी कुठला सांगायचा? पुतण्याचं सध्याचं पॅकेज सहा लाख. भागिले बारा, पन्नास हजार. पण हे गणित शाळेत सुटतं, बँकेत नाही. त्यातले साठ हजार ‘व्हेरिएबल’, म्हणजे साहेबाच्या मूडवर. छत्तीस हजार कंपनीच्या वाट्याचा पीएफ, साडेचौदा हजारांच्या आसपास ग्रॅच्युइटी, तीही पाच वर्षं टिकलात तर. उरलेल्यातून स्वतःचा पीएफ आणि दोनशे रुपये व्यवसाय कर गेला की हातात साडेसदतीस हजार. पॅकेज म्हणजे हापूसची पेटी. वजनात गवतही धरलेलं असतं.

शेवटी पुतण्यानं डोळे मिटून नऊ लाख टाकले. मंगळवारी फोन आला, “चालेल.” एका शब्दात! घरावर सुतकी कळा पसरली. वहिनी दोन दिवस एकच म्हणत होत्या, “घासाघीस न करता घेतलं म्हणजे आपण स्वस्तात दिलं रे!”

त्या दुःखातही त्यांनी बायोडेटा सुधारून घेतला. ‘उत्पन्न : नऊ लाख.’ गवतासकट.

परवा मुलीच्या वडिलांचा फोन आला. गृहस्थ बँकेतून निवृत्त. आवाजात साखर होती. “स्थळ छान आहे हो. फक्त हातात किती पडतात, तेवढं सांगा. आणि तीन महिन्यांच्या स्लिपा पाठवून ठेवाल का?”