छप्पर आहे, आई, पण ते पिशवीत आहे

कॉव्हेंट्री,
रविवार दुपार. मशीनमध्ये कपडे, शेगडीवर आमटी.

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. समोर साहेब बसलेले आणि तुम्ही एकदम विचारलंत, "सुहासची नोकरी गेली का गं?" साहेबांपुढे मला एवढंच म्हणता आलं, "नाही हो आई." तेवढ्याने तुमचं समाधान झालं नव्हतं, हे रात्री नंदाताईंचे मेसेज बघून कळलं. म्हणून पत्र. फोनवर तुमच्यामागे अण्णांचा टीव्ही असतो आणि माझ्यामागे चिनू. कुणाचंच काही धड ऐकू येत नाही.

तर पहिलं, नोकरी आहे. पगार वेळेवर होतो. दुसरं, पप्याने ग्रुपवर टाकलेला फोटो खरा आहे. गाडीला रंग नाही, दारं नाहीत, छप्पर नाही. पण ती महापुरातली नाही, अपघातातली नाही आणि सुहासला कुणी टोपी घातलेली नाही. ती अशीच मिळते. नवी आहे. चांगले पैसे मोजून घेतली आहे.

छप्पर आहे, आई, पण ते पिशवीत आहे. पाऊस आला की गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, पिशवी उघडायची, कापड ताणायचं आणि एकेक बटण लावत बसायचं. शेवटचं बटण लागेपर्यंत इथला पाऊस थांबलेला असतो. दारं म्हणजे बिजागरीत अडकवायचे कापडी पडदे. हीटरचे वेगळे पैसे, रंगाचे वेगळे पैसे. सुहास म्हणाला, "अ‍ॅल्युमिनियम उघडंच शोभतं." रंगाचा आकडा बघितल्यावर मलाही ते शोभायला लागलं.

पार्सल पोचलं. कांदा-लसूण चटणीचा डबा घट्ट होता, तरी पोस्टमनने पार्सल हातभर लांब धरूनच दिलं. लाडू एकही फुटला नाही. अण्णांच्या पसंतीची चप्पल सुहासला अगदी मापात बसली, पण ती घालून ही गाडी चालवता येत नाही. पायाशी जागा इतकी अरुंद आणि पेडल इतकी जवळजवळ की कोल्हापुरीने ब्रेक दाबला तर अ‍ॅक्सिलरेटरही दाबला जातो. त्यासाठी त्याने चिंचोळे, पातळ तळव्याचे बूट घेतलेत. तिकडे चपलेला पाच हजार झाले म्हणून तुम्ही हळहळता, तर या बुटांची किंमत मी लिहीतच नाही.

आमटी उतरवून आले.

मंगलमावशींच्या विशालचं जमलं हे वाचून बरं वाटलं. मुलगी पुण्यात नोकरी करते, तर तो पुण्याला जाणार की ती गडहिंग्लजला येणार? हे साखरपुड्याआधी विचारून घ्या. आपल्या घरात हा प्रश्न कुणी वेळेवर विचारला नाही, म्हणून मी आज कॉव्हेंट्रीत आहे. पाटलांनी कुंपणाची भिंत पुढे घेतली म्हणता, तर अण्णांना आधी मोजणीचा अर्ज करू दे, मग भांडू दे. ते नेहमी उलट करतात.

हं, गाडी. तिचं नाव केटरहॅम सेव्हन. ती खोक्यांतून आली. सांगाडा आणि त्यावरचा पत्रा जोडलेला. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, चाकं, दिवे सगळं सुटं. गॅरेजात रुखवत मांडावं तशी सुहासने ती खोकी मांडली. नटबोल्टांच्या पुड्या जेवणाच्या टेबलावर आल्या, आणि मग कित्येक दिवस आम्ही ताटं हातात घेऊन जेवलो. चिनू आता नायलॉक नट आणि साधा नट नुसता बघून ओळखते. सतराचा पाढा अजून येत नाही.

मला पटवण्यासाठी सुहासने इतिहास सांगितला. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने १९५७ साली लोटस सेव्हन काढली. तेव्हा इथे तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून गाडी सुटी विकायची. पण सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना द्यायला मनाई. तर म्हणे चॅपमनने गाडी खोलायच्या सूचना दिल्या, आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटापासून वाचायच्या! हे ऐकून मला अण्णाच दिसले. शिरोली नाक्यावर जकात चुकवायला त्यांनी लेथ सुटं करून 'जुनं लोखंड आहे' म्हणत उद्यमनगरात आणलं होतं ना? फरक इतकाच, की अण्णांच्या लेथचा एक तुकडा अजून सापडलेला नाही. १९७३ साली इथे व्हॅट आला, पळवाट बुजली, आणि त्याच साली लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीला विकले. आता करही पुरा भरायचा आणि पानेही आपणच फिरवायचे. याला इथे छंद म्हणतात.

माझ्या लक्षात त्या इतिहासातलं वेगळंच राहिलं. चॅपमनने पहिली गाडी १९४८ साली बांधली, ती हेझल नावाच्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. पुढे कंपनी काढायला २५ पौंड दिले तेही तिनेच. मग तिने त्याच्याशी लग्न केलं. पैसे वसूल करायचा दुसरा मार्ग दिसला नसावा बिचारीला.

चॅपमनचं सगळं शास्त्र एकच: ताकद वाढवत बसू नका, वजन घटवा. आमच्या गाडीचं वजन कंपनी ४४० किलो सांगते. अण्णांची मारुती साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे तिच्याहून ही दोनशे किलोंनी हलकी. त्यामुळे ८४ हॉर्सपॉवरमध्ये ती उधळते. हे शास्त्र आता घरात शिरलंय. गालिचा नको, त्याचं वजन होतं. रेडिओ नको. माझी पर्स गाडीत ठेवायची तर सुहास आधी हातात तोलून बघतो. परवा म्हणाला, पुढची मडगार्डं कार्बन फायबरची घेतली तर किलोभर तरी वाचेल. हे म्हणताना त्याच्या हातात तुमचा बेसनाचा लाडू होता. दुसरा. मी काही बोलले नाही, डब्याचं झाकण तेवढं लावलं.

आता तुम्ही विचारलंत, "पासिंग झालं का?" त्याचंच रामायण सांगते. घरी बांधलेली गाडी इथे थेट रस्त्यावर आणता येत नाही. आधी आयव्हीए नावाची सरकारी तपासणी. फी ४५० पौंड! आई, आपले पन्नास हजार रुपये झाले की हो. नापास झालात तर फेरतपासणीचे आणखी ९० पौंड. गाडी तुम्हीच बांधली याचे फोटो ठेवायचे. म्हणून आमच्या अल्बमात चिनूच्या वाढदिवसाचे फोटो मोजके आणि स्टिअरिंग रॅकसोबत सुहासचे ढीगभर.

आणि नियम काय, तर गाडीला टोक नको. बाहेरची कुठलीही कड, जिथे कुणाचं अंग लागू शकेल, ती किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. कुठे काय लागू शकेल हे ठरवायला त्यांच्याकडे १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. तो जिथे टेकेल तिथली कड तपासायची. गाडीच्या आतल्या भागाला दुसरा, १६५ मिलिमीटरचा गोळा. तपासणारा माणूस गुडघ्यावर बसून गाडीभोवती गोळा फिरवत होता आणि सुहास मागे हात बांधून चालत होता, अगदी सत्यनारायणाला बसल्यासारखा चेहरा करून. मडगार्डाच्या कडांना रबराची पट्टी, प्रत्येक उघड्या नटाला प्लॅस्टिकची टोपी. सगळं पास झालं आणि खालच्या अंगाला एक टोपी प्रवासात पडलेली निघाली. नव्वद पौंड. टोपीची किंमत पेन्सांत.

यात मजा अशी, की पास झाल्यावर घरी येऊन बरीच मंडळी ती रबरं काढून ठेवतात. सरकारला माहीत आहे, बांधणाऱ्याला माहीत आहे, गोळेवाल्यालाही माहीत असणार. मी सुहासला म्हटलं, हे आपल्याकडच्या हेल्मेटसारखंच झालं, चौक ओलांडला की काढलं. तो म्हणाला, "तसं नाही." काय वेगळं ते अजून सांगायचंय त्याने.

तुम्ही पाठवलेलं प्लॅस्टिकचं लिंबू-मिरची मात्र तपासणीनंतरच बांधलं. आधी बांधलं असतं तर लिंबू पास झालं असतं, मिरच्या नापास.

पप्याच्या बुलेटचा सायलेन्सर पोलिसांनी काढून घेतला, तर त्याला माझ्यातर्फे सांगा की बरं झालं. इथे तपासणीत आवाजही मोजतात. एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर यंत्र ठेवायचं, आणि ९९ डेसिबलच्या वर आवाज गेला की घरी. पप्याची बुलेट दसरा चौकात असली तरी यंत्र बिंदू चौकात ठेवावं लागेल. त्याला हेही सांगा की फोटो ग्रुपवर टाकण्याआधी खालच्या दोन ओळी वाचत जा. सुहासने त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'काम चालू आहे.'

कपडे वाळत घालून आले. चिनूचा गृहपाठ पडलाय, ती 'लिहिते' म्हणते.

तुम्हाला वाटतंय तो गाडीपायी वेडा झालाय. मलाही वाटत होतं. पण एक सांगायचं राहिलंय. इंजिन पहिल्यांदा चालू केलं त्या रात्री त्याने अण्णांना फोन लावला होता. तिकडे पहाट होती, तुम्ही झोपला होतात. त्याने नुसता फोन बॉनेटवर धरला, काही सांगितलं नाही. अण्णांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "तीनच वाजतायत. चौथं हाय का न्हाई?" सुहास गप्प. पुन्हा ऐकून म्हणाले, "हे तर मारुतीचं वाटतंय रे." आणि खरंच हो आई, या गाडीत सुझुकीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, ६६० सीसीचं. आपल्या मारुतीच्या ७९६ पेक्षाही लहान, फक्त टर्बो लावलेला. मागचा एक्सलही सुझुकीचाच. इथल्या शेजाऱ्यांना हे सांगून पटत नाही, अण्णांनी सात हजारांहून जास्त किलोमीटरवरून नुसत्या कानाने ओळखलं.

मग दोघे बराच वेळ बोलत होते. कुठला बोल्ट किती ताणलास, तेल कुठलं, पाना कुठला. इतकं सलग ते दोघे आमच्या लग्नातही बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर सुहास लगेच घरात आला नाही. मी बोलावलं नाही, भाजी परत गरम केली. आत आला तेव्हा म्हणाला, "अण्णांचा हात पाहिजे होता गं एकदा." मी हातावर भाकरी ठेवली, दुसरं काय करणार?

तेव्हापासून रविवारी तो टॉर्क रेंच घेऊन गाडीभोवती फिरतो. हलक्या गाडीला हादरे फार, नव्या जोडणीतले बोल्ट सैल होतात, ते पुन्हा आवळून खूण करायची. पत्र्याच्या रिव्हेटपाशी पाणी राहिलं तर अ‍ॅल्युमिनियमला खालून फोड येतात, नळ्यांचा रंग उडाला तर आत गंज धरतो. आणि हिवाळ्यात तर गाडी बाहेर काढायचीच नाही, कारण बर्फ होऊ नये म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात. हो, मीठ, ट्रकने. तुम्ही फोनवर म्हणालात ना, गाडीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढ? मीठ सरकारच ओवाळतं, आई, आणि त्यानेच गाडीचं वाटोळं होतं. म्हणून थंडीत ती 'रस्त्यावर नाही' असं सरकारला कळवून, रोड टॅक्स थांबवून, बॅटरी चार्जरला लावून झाकून ठेवायची. थोडक्यात, वर्षातले काही महिने गाडी आहे आणि उरलेले महिने देव्हाऱ्यात आहे.

मी बसले का? बसले. आधी सीटवर उभं राहायचं, मग मागची नळी धरून पाय पुढे सोडत खाली घसरायचं. खाली गेलं की रस्ता हाताला लागतो आणि शेजारच्या ट्रकचं चाक डोळ्यांसमोर येतं. पहिल्या वळणावर मी तुमच्या अंबाबाईला हाक मारली, दुसऱ्यावर सुहासला शिव्या दिल्या. तिसऱ्यावर हसायला लागले ते थांबेचना. आणि गंमत बघा, इतकी वर्षं आम्ही या रस्त्यांनी काचा लावून फिरलो, मला ठाऊकच नव्हतं की इथल्या खेड्यांना वास आहे. कापलेलं गवत, ओली माती, आणि एका वळणावर चक्क शेणखत. उचगावच्या मळ्यात शिरताना येतो तसा. सुहासने वेग कमी केला. आम्ही दोघंही नाक वर करून बसलो. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा निघालो.

बाकी ठीक. नंदाताईंच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? तुमचे गुडघे कसे आहेत, हे तुम्ही कधीच सांगत नाही, पप्याकडून कळतं. जिने चढू नका. चटणी संपत आली आहे, पण ती मागायला हे पत्र लिहिलं असं समजू नका. (तरी कुणी येणार असेल तर किलोभर.)

चिनू आजीला गोड पापा सांगते. सतराचा पाढा पुढच्या पत्रात.

अण्णांना सा. न.

तुमची,
वैशाली

ता. क. मे महिन्यात याच, तिकिटाचं सुहास बघतोय. गाडीत चढायला पाचवारी उपयोगाची नाही, कासोट्याचं नऊवारी मात्र झकास जमेल, तेव्हा दोन घेऊन या. सीट दोनच आहेत, एक सुहासची. पहिल्या फेरीला तुम्ही बसणार की अण्णा, हे भांडण कोल्हापुरातच मिटवून या. इथे माझ्यावर टाकू नका.