कोकोचा गाववाला

घोलवडचा चिकू आणि घानाचा कोको हे एकमेकांचे गाववाले. दोघेही मूळचे अमेरिका खंडातले, दोघेही पोटासाठी परमुलखात आलेले. टेटे क्वार्शी नावाच्या एका लोहाराने 1879 च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया घानात नेल्या. चिकू घोलवडला लागला तो 1898 साली, असं सांगतात. दोघेही असे रुजले की त्या मुलखाची ओळखच होऊन बसले. आपल्या चिकूला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकनाचं प्रमाणपत्रही मिळालं. झाडावरून उतरला की चार-पाच दिवसांत मऊ पडणाऱ्या फळाला प्रमाणपत्र मिळणं चांगलंच. कागद तरी टिकतो.

बोईसरची पोरं अर्थशास्त्राच्या परीक्षेला ‘शेतीवर अवलंबून असलेल्या विकसनशील देशाची लक्षणे’ पाठ करतात, आणि उदाहरण म्हणून घानासारखा पश्चिम आफ्रिकेतला एखादा देश घोकतात. एवढ्या लांब कशाला? विरार-डहाणू लोकलमध्ये बसवा त्यांना. बसायला जागा मिळणार नाहीच, पण लक्षणं दाराशी उभं राहूनही दिसतात.

भात कापून झाला, दिवाळी सरली की आपल्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होतात. म्हातारी माणसं आणि कोंबड्या मागे राहतात. बाकीचे ‘जगायला’ जातात. हा त्यांचाच शब्द. मग गावात असतात तेव्हा काय करतात, असं विचारायचं नाही. वीटभट्टीचा मालक पावसाळ्यातच, घरातली कणगी तळाला गेलेली असताना, हातावर बयाणा ठेवून जातो. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब होतो तो पुढच्या पावसाच्या तोंडावर. त्या हिशेबात पैसे कुणाकडे निघतात हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको. घानातही कोकोच्या बागेत राबायला मजूर येतो तो उत्तरेच्या कोरड्या भागातून. आपल्याकडे 1945 साली शेतकरी नेत्या गोदावरी परुळेकरांबरोबर वारली आदिवासी उभे राहिले ते वेठीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी. वेठ कायद्याने गेली. बयाणा कायद्याला दिसत नाही, कारण तो खिशात असतो.

माणसं जातात कारण दुसरं पीक नाही, आणि दुसरं पीक नाही कारण पाणी नाही. आता गंमत बघा. पाणी आहे! सूर्या नदीवर धामणीला धरण आहे, आणि ते बांधलं होतं शेतीसाठी. पण पाण्यालाही जगायला जावंसं वाटतं. सूर्या प्रादेशिक योजनेत रोजचं 403 दशलक्ष लिटर पाणी शहरांच्या नावावर आहे: 185 वसई-विरारला, 218 मीरा-भाईंदरला. जव्हारचा माणूस वसईच्या भट्टीवर पोचला की त्याला तिथे आपल्याच जिल्ह्याचं पाणी भेटतं. तेवढीच ओळख.

घानाने व्होल्टा नदीवर अकोसोंबोचं धरण बांधलं, 1960 च्या दशकात. सुमारे 80 हजार माणसं उठली. वीज मोठ्या प्रमाणावर गेली टेमा शहरातल्या अॅल्युमिनियमच्या कारखान्याला. घानाच्या जमिनीत बॉक्साइट आहे, पण कारखाना चालायचा बाहेरून आणलेल्या अॅल्युमिनावर, आणि घानाचं बॉक्साइट जहाजात बसून परदेशी जायचं. हे वाचून हसू आलं असेल तर एकदा तारापूरच्या एमआयडीसीतून चक्कर मारा. रसायनं आहेत, औषधांचा कच्चा माल आहे, कापड आहे, पोलाद आहे. उत्तरेला तासाभरावर हजारो एकर चिकूच्या वाड्या आहेत. दोघांची अजून ओळख करून दिलेली नाही. तारापुरात 1969 पासून अणू फोडतात. चिकूच्या फोडी करून सुकवायचं काम मात्र बायकांच्या बचत गटांवर सोडलंय.

भावाच्या बाबतीत मात्र गाववाल्यांचं नशीब सारखं नाही. घानात कोकोचा भाव हंगामाच्या सुरुवातीला सरकारी मंडळ जाहीर करतं. तो कमी असतो अशी शेतकऱ्यांची ओरड असते, पण निदान ओरडायला एक दार आहे. चिकूला हमीभाव नाही. त्याचा भाव बाजारात माल पोचल्यावर ठरतो, आणि तोवर फळ मऊ व्हायला लागलेलं असतं. मऊ फळाचा मालक ताठ कसा राहणार?

आता सगळ्यावर एकच उतारा निघालाय, वाढवण बंदर. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 मध्ये त्याला नको म्हटलं आणि 2023 मध्ये अटी घालून हो म्हटलं. समुद्र तोच होता. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला भूमिपूजन झालं. खर्च 76 हजार कोटींच्या घरात. कोळी विरोधात आहेत, पण कोळ्यांना अर्थशास्त्र कळत नाही असं अर्थशास्त्र कळणाऱ्यांचं म्हणणं आहे.

घानातही टेमाला कोळ्यांचं गाव होतं. बंदरासाठी ते उठवून बाजूला नेलं. पोफरण-अक्करपट्टीच्या माणसांना यात नवल वाटणार नाही, तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुसंचासाठी तीही उठलेली आहेत. बंदर झालं की देशाचा माल जगात जाईल, भरभराट होईल, असं टेमाच्या वेळीही सांगितलं होतं.

टेमाचं बंदर 1962 मध्ये सुरू झालं. घानाचा अर्ध्याहून जास्त कोको आजही बियांच्या रूपातच देशाबाहेर जातो.