चि. भारतनेट यास समस्त ग्रामस्थांचे अनेक उत्तम आशीर्वाद

इकडील सर्व क्षेम. पाऊसपाणी बरे आहे. रेंज पारावर येते, तीही पिंपळाच्या पूर्वेच्या अंगाला. तुझी वाट पाहता पाहता तुझ्या जन्मवर्षी पहिलीत बसलेली पोरे बारावी होऊन शहराला गेली, म्हणून गावाने हे पत्र उघडे लिहायचे ठरवले. बंद पाकीट तिकडे कोणी फोडत नाही, असा गावाचा अनुभव आहे.

तुझा जन्म २५ ऑक्टोबर २०११ चा. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या दिवशी सुमारे २० हजार कोटींच्या खर्चाला मान्यता दिली आणि दोन वर्षांत अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार पोचेल, असे ठरले. पाळण्यातले नाव भारदस्त होते : नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क. दोन वर्षे सरली, तार काही तालुक्याची वेस ओलांडेना. मग २०१५ साली दुसरे बारसे होऊन तू भारतनेट झालास. मूल बाळसे धरेना की नाव पालटून पाहायचे, ही रीत गावाला नवी नाही. महाराष्ट्राने दुसऱ्या टप्प्याचे काम स्वतःकडे घेतले तेव्हा त्याला महानेट म्हणू लागले. एवढी नावे तर पंढरीच्या विठोबाला पुरतात.

खोटे कशाला बोलावे, तू अगदीच बसून नव्हतास. डिसेंबर २०१७ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला, तेव्हा लाखाहून अधिक ग्रामपंचायतींत तार पोचली होती. पुढे १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सहा लाखांहून अधिक गावे हजार दिवसांत जोडण्याची घोषणा केली. गावाने कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले : हजारावा दिवस १२ मे २०२३ ला उजाडला आणि मावळला. मधल्या काळात, २०२१ साली, सोळा राज्यांसाठी खासगी भागीदार शोधून झाला. सरकार १९,०४१ कोटींची भर घालायला तयार होते, तरी एकही स्थळ सांगून आले नाही. २०२२ मध्ये तुला सांभाळणारी बीबीएनएल ही कंपनीच बीएसएनएलच्या पदरात घालायचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित कार्यक्रमाला मंजुरी दिली ती १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची. मूळ आकड्याच्या जवळजवळ सातपट! आता त्यात गावे, दीड कोटी घरजोडण्या आणि दहा वर्षांची देखभाल आहे, हे मान्य. पण देखभाल लागते, हे कळायला बारा वर्षे लागावीत?

या सुधारित कार्यक्रमाच्या कागदांत आणखी एक कबुली दडलेली आहे, ती गावाला फार आवडली. आधीच्या टप्प्यांत तार बहुतेक ठिकाणी सरळ रेषेत टाकली : तालुक्याहून पहिले गाव, पहिल्यावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे. तालुक्यापर्यंत सरकारी कंपन्यांची जुनी तार वापरायची आणि पुढचा तुकडा नवा जोडायचा, असा काटकसरीचा बेत. कागदावर तो सुंदर दिसतो. मग रस्ता रुंद करायला जेसीबी येतो. त्यामागून पाण्याची पाइपलाइन येते. कुणाच्या तरी बादलीत तार अडकते आणि त्या टोकापलीकडची सगळी गावे एका झटक्यात अंधारात जातात. आता नव्या कार्यक्रमात तार गोल फिरवणार आहेत, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालेल. विहिरीवरच्या मोटारीने शेताला दोन बाजूंनी पाणी देणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याने हे २०११ सालीच फुकट सांगितले असते. खोदण्याआधी विचारा, असे बजावणारे ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप मार्च २०२३ मध्ये आले. चांगलेच आहे. फक्त ते उघडायला जेसीबीवाल्याच्या फोनला रेंज हवी.

आता तुझ्या वेगाविषयी. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड होते. २०१३ मध्ये ते ५१२ झाले. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० मेगाबिटचा शब्द दिला. २०२२ संपले आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची नवी व्याख्या आली : किमान २ मेगाबिट. जेवणावळीचे आमंत्रण पुरणपोळीचे होते, पंगतीत वाटीभर ताक वाढून ‘जेवण झाले’ अशी नोंद करायची सोय झाली.

तुझ्या खर्चाचा पैसा येतो कुठून, हेही गावाला ठाऊक आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के सार्वत्रिक सेवेसाठी जातात, आणि कंपन्यांचा महसूल म्हणजे गावाचे रिचार्ज. ही रक्कम आधी केंद्राच्या एकत्रित निधीत पडते, मग संसदेच्या मंजुरीने बाहेर येते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचेही बारसे करून डिजिटल भारत निधी असे नाव ठेवले.

परवडण्याचे म्हणशील, तर २०२४ मध्ये देशातल्या सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांपैकी तारेवरचे चार कोटींच्या आसपास होते. बाकी जवळजवळ सगळे मोबाइलवर. दर ठरवण्याचे काम ट्राय या दूरसंचार नियामकाने बाजारावर सोडले आहे. २०१६ नंतर स्पर्धेने डेटा स्वस्त केला, तेव्हा सगळ्यांनी श्रेय घेतले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकदमच दर वाढवले, तेव्हा श्रेय घ्यायला कोणी पुढे आले नाही. ग्रामीण घरांच्या तारेच्या बिलातला निम्मा भाग, महिना २०० रुपयांपर्यंत, सरकारने थेट खात्यात द्यावा आणि ते आधी प्रायोगिक स्वरूपात करून पाहावे, अशी शिफारस ट्रायने २०२१ मध्येच केली होती. त्या दोनशे रुपयांना नाव ठेवायला मात्र कोणी पाळणा बांधला नाही.

आणि गावाला तुझी गरज काय, असे विचारू नकोस. रेशनला अंगठा, ई-पीक पाहणीला फोटो, सातबारा ऑनलाइन, लाडक्या बहिणीचा अर्जही ऑनलाइनच भरला. सरकारने आपला सगळा कारभार तुझ्या तारेवर नेऊन ठेवला आणि तार वाटेतच राहिली. मग म्हातारी माणसे पारावर अंगठा पुसत बसतात.

गावाचे मागणे एकच आहे. रेशन दुकानात साठ्याचा फलक लावतात, तसा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक लागावा : गेल्या महिन्यात जोडणी किती दिवस चालू होती, तुटल्यावर किती तासांत जोडली, किती घरांत पोचली. किती किलोमीटर तार पुरली, हा आकडा त्यावर नसला तरी चालेल. जमिनीखालचे जमिनीखाली राहू दे.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : येण्याआधी फोन कर, लागला तर. तुझ्या तारेची पेटी ठेवलेल्या खोलीची किल्ली ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे असते, त्यांच्याकडे तीन गावांचा कारभार आहे आणि इकडे ते बुधवारी येतात.